रिटर्न भरून देणारा काय मागतो, ते बघा

प्रश्न

ताई, नमस्कार.

मी एका निमसरकारी कार्यालयात नोकरी करते. आमच्याकडच्या बहुतेकांची आयकराची रिटर्न्स एक गृहस्थ भरून देतात. सगळे त्यांना 'सर' म्हणतात. जूनमध्ये ते येतात, फॉर्म १६ (ऑफिसनं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) घेतात, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात आणि काम झालं. दोन वर्षं मीही त्यांच्याकडेच दिलं. गेल्या वेळी मला ४२,००० रुपये रिफंड आला, त्यातले दहा टक्के त्यांना दिले. भरलेलं रिटर्न मात्र मी कधी पाहिलेलं नाही.

आता शेजारच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांना नोटीस आली आहे आणि सर फोन उचलत नाहीत. माझे यजमान म्हणतात, 'पैसे सरकारनंच खात्यात टाकले ना? चूक असती तर टाकले असते का?' त्यांनी स्वतः गेल्या वर्षी शेअर बाजारात ऑप्शन्सचे व्यवहार केले आणि तोटा झाला. सर म्हणाले, तोटाच आहे तर दाखवायचं कशाला.

आम्हाला आता दुसरा भरवशाचा माणूस हवा आहे. एका सीएंच्या ऑफिसात जाऊन आले. त्यांनी कागदांची लांबलचक यादी हातात ठेवली. 'रिफंड किती येईल?' असं विचारलं, तर 'बघितल्याशिवाय सांगता येणार नाही' म्हणाले. जरा शिष्टच वाटले. ज्यांना यातलं काही कळत नाही, त्यांनी माणूस चांगला आहे की नाही हे ओळखायचं कसं? सीएच हवा का? आणि जास्त फी म्हणजे चांगलं काम, असं असतं का?

एक वाचक

उत्तर

नमस्कार.

ज्यांना तुम्ही शिष्ट म्हणालात, त्या सीएंबद्दल आधी बोलते. तुमच्या अख्ख्या पत्रात विश्वास टाकावा असं वागलेला माणूस मला तो एकच दिसला. त्यांनी कागद मागितले आणि कागद बघण्याआधी आकडा सांगायला नकार दिला. तुम्हाला त्यात तुटकपणा जाणवला, कारण गेली दोन वर्षं तुम्हाला नेमकी उलटी सवय लागली आहे. तिथे कागद कुणी विचारत नाही आणि रिफंडची बोलणी मात्र आधी होतात.

माणूस कसा ओळखायचा, याचं माझं उत्तर थोडक्यात असं: तो काय देऊ करतो याकडे कानाडोळा करा आणि तुमच्याकडे काय मागतो ते बघा. पाटी, ऑफिसचा थाट, 'अमुक खात्यातले सगळे आमच्याकडेच येतात' हे वाक्य, यातून काहीच कळत नाही. मागण्यातून बरंच कळतं.

फॉर्म १६ कुणीही मागतो. नीट काम करणारा त्यापुढे जातो. वर्षभराचे सगळ्या बँक खात्यांचे उतारे मागतो. पगाराचं खातं सोडून दुसरंही एखादं असेलच, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. मुदत ठेवींवरच्या व्याजाचा दाखला मागतो. गृहकर्ज असेल तर बँकेचं प्रमाणपत्र मागतो, शिवाय घर कुणाच्या नावावर आहे आणि हप्ता कुणाच्या खात्यातून जातो हेही विचारतो. घरभाडं भत्त्याची सवलत घेत असाल तर करार आणि पावत्या, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन. वर्षात नोकरी बदलली का, म्युच्युअल फंड विकले का, वडिलांच्या ठेवींवर तुमचं नाव पहिलं आहे का, परदेशी कंपनीचे शेअर मिळाले आहेत का... निम्म्या प्रश्नांचं उत्तर 'नाही' असतं आणि विचारणारा कटकट्या वाटतो. तरी विचारावं लागतं, कारण ज्या एका प्रश्नाचं उत्तर 'हो' निघतं, तिथेच पुढे नोटीस येते.

एवढं झाल्यावर तो तुमच्यासमोर आयकर विभागाचं पोर्टल उघडतो आणि दोन गोष्टी बघतो. एक, २६एएस, त्यात तुमच्या नावावर कापलेला आणि जमा झालेला कर दिसतो. दुसरी, वार्षिक माहिती विवरण, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. नोव्हेंबर २०२१ पासून ते पोर्टलवर आहे. बँकेचं व्याज, लाभांश, शेअर-फंडांची विक्री अशी इतरांनी विभागाला कळवलेली माहिती तिथे एकत्र असते. तुमचे कागद आणि हे विवरण समोरासमोर ठेवून फरक शोधणं, हेच खरं काम. फॉर्ममध्ये आकडे भरायला नंतर फार वेळ लागत नाही. बरेचसे तर आधीच भरलेले येतात.

तुमच्या सरांनी काय मागितलं? फॉर्म १६ आणि ओटीपी. आणि तेवढ्यावर ४२,००० रुपये परत मिळवून दिले. हे पैसे आले कुठून, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा होता असं मी म्हणणार नाही, कारण तुम्हाला कुणी हे समजावून सांगितलेलंच नाही. पण आता विचारू या.

नोकरदाराचा कर ऑफिस दर महिन्याला पगारातून कापतं. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही गुंतवणुकीची माहिती देता, शेवटी पुरावे देता, आणि त्यावरून हिशेब करून कापायचा तेवढाच कर कापला जातो. म्हणजे फॉर्म १६ मध्ये देय कर आणि कापलेला कर साधारण जुळतात. तुमचं उत्पन्न फक्त पगार असेल आणि सगळे पुरावे ऑफिसात वेळेवर दिलेले असतील, तर रिफंड जवळपास शून्य यायला हवा. मोठा रिफंड येतो तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते एका वाक्यात सांगता येतं. ऑफिसात द्यायची राहून गेलेली विम्याची पावती. भाडेकरार उशिरा दिल्यानं न मिळालेली घरभाड्याची सवलत. बँकेनं ठेवींच्या व्याजावर कापलेला जादा कर. किंवा ऑफिसनं नव्या करप्रणालीनं (दर कमी, पण बहुतेक सवलती नाहीत) कर कापला आणि प्रत्यक्षात जुनी फायद्याची ठरली. फक्त पगारदार असलेल्याला, मुदतीत रिटर्न भरताना, दर वर्षी ही निवड नव्यानं करता येते.

यातलं एकही कारण तुम्हाला लागू होत नसेल, तर उरतं ते एकच: रिटर्नमध्ये अशी एखादी वजावट, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वगळायची रक्कम, टाकली आहे, जी तुमची नाही. कधीच न घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचं व्याज. घरात कुणाला नसलेल्या गंभीर आजारावरचा खर्च. कुठल्याशा राजकीय पक्षाला दिलेली देणगी. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या कर्जाचं व्याज, आणि दारात सायकलसुद्धा नाही! हसू येतं, पण अशा दाव्यांखाली सही तुमची असते.

हे फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागानं खोट्या वजावटींविरुद्ध देशभर अनेक ठिकाणी पडताळणी सुरू केली, तेव्हाच्या सरकारी निवेदनात या धंद्याची पद्धत स्पष्ट लिहिली होती. मोठ्या रिफंडचं आमिष, त्यातलं कमिशन, आणि एकगठ्ठा रिटर्न भरण्यापुरते तयार केलेले तात्पुरते ई-मेल पत्ते. काम झाल्यावर ते पत्ते सोडून दिले जायचे, त्यामुळे विभागाच्या नोटिसा तिथेच न वाचता पडून राहायच्या. बळी पडलेल्यांत बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी कार्यालयं आणि शिक्षणसंस्थांमधले लोक होते. म्हणजे शिकलेलेच. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली रिटर्न्स दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असंही त्यात म्हटलं होतं.

तुमच्या यजमानांचा मुद्दा रास्त वाटतो, पण यंत्रणा तशी चालत नाही. रिटर्न बंगळुरूच्या केंद्रात जातं, तिथे संगणक बेरीज-वजाबाकी जुळवतो, कापलेला कर खरंच जमा आहे का ते बघतो, आणि तुम्ही जे लिहिलं ते खरं मानून रिफंड सोडतो. पावत्या त्या वेळी कुणी बघत नाही. पुरावा मागायचा हक्क विभागाकडे नंतर राहतोच. शिवाय अलीकडे फॉर्मच बदलले आहेत. निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून (म्हणजे २०२४-२५ मधल्या उत्पन्नाच्या रिटर्नपासून) बऱ्याच वजावटींसाठी पॉलिसी क्रमांक, विमा कंपनी किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक असे तपशील भरावे लागतात. नुसता आकडा टाकून मोकळं होण्याचे दिवस गेले.

पकडलं गेलं तर काय होतं, तेही आकड्यात बघा. तुमचा रिफंड पूर्णपणे खोट्या वजावटीचा निघाला, असं धरू. ४२,००० परत करायचे, त्यावर व्याज द्यायचं, आणि चुकीची माहिती देऊन बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू झाला तर वर ८४,०००. तुमच्या हातात प्रत्यक्षात पडले होते ३७,८००, कारण ४,२०० सर घेऊन गेले. हेतुपुरस्सर कर चुकवल्याचं ठरलं तर खटला आणि कैदेचीही तरतूद आहे. आणि हे सगळं ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे, त्याच्यावर येतं. 'सरांनी भरलं' हे उत्तर चालत नाही. सरांचं नावही त्या रिटर्नवर कुठे नसण्याची शक्यता जास्त.

इथेच ओटीपीचं बोलते. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत ते पडताळून द्यावं लागतं, नाहीतर भरलेलं धरलं जात नाही. बहुतेक जण ते आधारच्या ओटीपीनं करतात. तो ओटीपी म्हणजे 'वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे' या मजकुराखालची तुमची सही. न वाचलेल्या कागदावर तुम्ही सही कराल का? ओटीपी सांगण्याआधी रिटर्नची प्रत आणि कॉम्प्युटेशन, म्हणजे उत्पन्नापासून करापर्यंतचा हिशेब, बघायला मागा. चांगला माणूस ते आधी पाठवतो आणि तुम्ही 'ठीक आहे' म्हटल्यावरच पुढे जातो. 'ताई, लवकर सांगा, ओटीपी संपेल' म्हणणाऱ्याला फोनवरच थांबवा. ओटीपी दुसरा मागवता येतो.

आता, सीएच हवा का?

मी स्वतः सीए नाही, कर सल्लागार आहे, तेव्हा माझं मत थोडं तोलूनच घ्या. कायद्यानं रिटर्न भरून द्यायला सीए असणं गरजेचं नाही. आयकर कार्यालयात तुमच्या वतीनं उभं राहायलाही सीएंबरोबर वकील आणि ठरावीक पात्रतेचे करव्यावसायिक चालतात. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वर्षानुवर्षं हेच काम निष्ठेनं करणारे पुष्कळ लोक आहेत. उलट नावापुढे सीए असून स्वतः एकही कागद न बघणारेही मी पाहिले आहेत. सगळं काम आर्टिकलशिपला आलेल्या मुलांवर. मुलांनी आकडे भरण्यात काही गैर नाही, कारण ती त्यातूनच शिकतात. पण शेवटची नजर कुणाची असते, हे विचारायला लाजू नका.

सीएंच्या बाबतीत एक फायदा मात्र खराच आहे. त्यांच्या वर संस्था आहे. १९४९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचे ते सदस्य असतात, प्रत्येकाला सदस्य क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. गैरवर्तन केलं तर तिथे शिस्तभंगाची तक्रार करता येते. सदस्य नसताना स्वतःला सीए म्हणवणं हा गुन्हा आहे, तरी परीक्षेचे एक-दोन टप्पे पार केलेले लोक लग्नपत्रिकेपासून व्हिजिटिंग कार्डापर्यंत सर्रास ती अक्षरं लावतात. क्रमांक मागा. खरा सीए तो मागितल्याचा राग मानत नाही. क्रमांक जुळला की 'प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र आहे ना?' एवढंही विचारा, कारण नोकरी करणाऱ्या प्रत्येक सीएकडे ते असतंच असं नाही.

कुणी म्हणेल, 'आमच्या कागदांवर यूडीआयएन असतो.' हा अठरा अंकी क्रमांक सीएंच्या प्रमाणपत्रांवर आणि लेखापरीक्षण अहवालांवर असतो. त्यावरून तो कागद खरंच त्याच सीएनं दिला आहे का, हे तपासता येतं. साध्या पगारदाराच्या रिटर्नवर तो नसतो. तेव्हा तुमच्या रिटर्नच्या बाबतीत त्या नावानं छाप पाडू बघणाऱ्यापासून सावधच राहा.

फीचं. जास्त फी म्हणजे चांगलं काम, असं अजिबात नाही. पण फी कशावर ठरते, याला फार महत्त्व आहे. ती कामावर ठरावी: किती उत्पन्नं, किती व्यवहार, कागद कितपत विस्कळीत. रिफंडच्या टक्क्यांवर फी ठरली की त्या माणसाचं हित तुमचा रिफंड फुगवण्यात गुंततं, आणि दंडात मात्र त्याची टक्केवारी नसते. सीएंच्या कायद्यात तर काही ठरावीक कामं सोडली, तर अशी निकालावर किंवा टक्क्यांवर बेतलेली फी हे व्यावसायिक गैरवर्तनच मानलं जातं. म्हणजे उद्या एखादा सीए स्वतःच 'रिफंडच्या पाच टक्के द्या' म्हणाला, तर तुम्हाला त्याच्याबद्दल दोन गोष्टी एकदमच कळल्या. फी आधी ठरवा, पावती घ्या, आणि पुढे नोटीस आली तर उत्तर देण्याचं काम त्याच पैशांत धरलेलं आहे की वेगळं, हे भरण्याआधीच बोलून ठेवा. वेगळे पैसे घेणं चूक नाही. ऑगस्टनंतर फोन न उचलणं ही चूक.

माझी एक जुनी खोड सांगते. कुणी मला 'या माणसाकडे जाऊ का?' विचारलं, तर मी सांगते, बोलता बोलता एखादी बारीकशी मिळकत त्याच्या कानावर घाला. 'बचत खात्यावर सहा-सात हजार व्याज आलंय, ते दाखवायचं का हो?' नीट माणूस म्हणेल, दाखवायचंच. जुन्या करप्रणालीत दहा हजारांपर्यंत त्याची वजावटही मिळते, त्यामुळे कर कदाचित वाढणारही नाही. आणि 'सोडा हो, एवढं कोण बघतंय' म्हणणारा उद्या तुमच्याच बाबतीत आणखी काय काय सोडेल, याचा अंदाज तिथेच येतो. तो आकडा बँकेनं विभागाला आधीच कळवलेला असतो, हे त्याला माहीत नसेल तर तो अडाणी, आणि माहीत असूनही म्हणत असेल तर बेफिकीर.

आणखी एक उत्तर ऐकून मला बरं वाटतं: 'हे काम मी करत नाही.' प्रत्येकाला सगळं येत नाही. परदेशी शेअर, अनिवासी भारतीयांचे प्रश्न, घराची विक्री, ऑप्शन्स, ही वेगवेगळी कामं आहेत.

यावरून तुमच्या यजमानांकडे येते. ऑप्शन्समधला तोटा 'दाखवायचं कशाला' म्हणणाऱ्यानं त्यांचं नुकसानच केलं आहे. मान्यताप्राप्त शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स हे कायद्याच्या नजरेत व्यवसाय आहेत, त्यामुळे नोकरदारांचा रिटर्नचा साधा फॉर्म आयटीआर-१ तिथे चालत नाही, आयटीआर-३ लागतो. तोटा मुदतीत रिटर्न भरून दाखवला, तर तो पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या नफ्यातून वळता करता येतो. मुदत चुकली की तो हक्क जातो. व्यवसायाचं उत्पन्न आल्यामुळे जुन्या-नव्या करप्रणालीत दर वर्षी मनासारखं ये-जा करण्याची मुभाही राहत नाही, त्यासाठी वेगळा फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. त्यांच्यासाठी सीएच बघा, आणि 'गेल्या वर्षी अशी किती रिटर्न्स केलीत? लेखापरीक्षण लागेल का, हे कशावरून ठरवता?' असं सरळ विचारा. जो उत्तर देताना आधी उलाढालीचा आकडा मागेल, त्याच्याकडे थांबा. गेल्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं असेल आणि ते सुधारायची वेळ अजून उरली असेल, तर हे काम सगळ्यात आधी करून घ्या.

तुमचं स्वतःचं प्रकरण मला सोपं दिसतं. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलते आहे, पण पगार, एखादं घर आणि बँकेचं व्याज एवढंच असेल आणि उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल, तर आयटीआर-१ तुम्ही स्वतः भरू शकता. पहिल्या वर्षी कुणालातरी शेजारी बसवा, पैसे देऊन का होईना, आणि माउस आपल्या हातात ठेवा.

पण त्याआधी मागचं निस्तरायला हवं, आणि ते या आठवड्यात. पोर्टलचा पासवर्ड सरांकडे असेल. तुमच्याकडे नसला तरी हरकत नाही. 'पासवर्ड विसरलात' वर जाऊन आधारच्या ओटीपीनं नवा करता येतो. आत गेल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या माहितीत ई-मेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघा. तिथे अनोळखी पत्ता दिसला तर दचकू नका, तो बदला. रिफंडसाठी नोंदवलेलं बँक खातं तुमचंच आहे ना, तेही बघा. रिफंड करदात्याच्याच खात्यात येतो, मधल्या माणसाच्या खात्याचं तिथे काही काम नाही. मग 'ई-प्रोसीडिंग्ज' उघडा, कारण न वाचलेली नोटीस असलीच तर तिथे सापडेल. शेवटी दोन्ही वर्षांची भरलेली रिटर्न्स उतरवून घ्या आणि वजावटींचं पान वाचा. तिथली प्रत्येक रक्कम 'ही माझी' म्हणता आली पाहिजे.

पुढच्या वर्षी कुणाकडे काम दिलंच, तर पासवर्ड द्यायची वेळ येऊ नये, हे आदर्श झालं. नोंदणीकृत मध्यस्थाला पोर्टलवरूनच अधिकार देण्याची सोय आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे बहुतेक जण पासवर्डच देतात. देत असाल तर काम संपल्यावर बदला. ई-मेल आणि मोबाइल मात्र कधीही दुसऱ्याचा लावू देऊ नका, अगदी माझ्यासारखीचासुद्धा.

एखादी रक्कम खोटी निघाली, तर सुधारित रिटर्नची मुदत आहे का ते बघा. ती गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं. आधी ही मुदत २४ महिन्यांची होती, २०२५ च्या वित्त कायद्यानं वाढवली. जादा भुर्दंड उशिराप्रमाणे वाढतो: पहिल्या वर्षात भरलं तर कर आणि व्याजाच्या २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षात ७० टक्के. म्हणजे जितकं लवकर तितकं स्वस्त, आणि २०० टक्के दंडापेक्षा केव्हाही स्वस्त. विभागाकडून त्या वर्षाची चौकशी सुरू होण्याआधी हे करायचं. हे काम एकट्यानं करू नका. त्या यादीवाल्या सीएंकडेच घेऊन जा, आणि सरांनी काय केलं हे त्यांना काही न लपवता सांगा. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि 'कर वर्ष' हा शब्द आला आहे. त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्याच कायद्यानं चालतात, त्यामुळे कुणी 'नवा कायदा आला, जुनं सगळं माफ' म्हणालं तर हसून सोडून द्या.)

शेजारच्या विभागातल्या तुमच्या सहकाऱ्यांनाही एक निरोप द्या. नोटिशीवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो; पोर्टलवर लॉगिन न करताही त्यावरून नोटीस खरी की बनावट ते कळतं. खरी असेल तर उत्तराची तारीख तिच्यातच लिहिलेली आहे. सरांचा फोन लागण्याची वाट बघत ती तारीख जाऊ देऊ नका म्हणावं. उत्तर तयार व्हायला वेळ लागणार असेल तर मुदतीच्या आत पोर्टलवरूनच मुदतवाढ मागावी, आणि सरांशी झालेले मेसेज, त्यांना पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, सगळं जपून ठेवावं.